घडणावळ आणि सोनं

आमचं दुकान कोल्हापुरात गुजरीत होतं. मोडीला आलेला दागिना हातात घेतला की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी तो बराच वेळ नुसता पाहत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी पाहत. मग एवढंच म्हणत, "कारागिराचा हात चांगला आहे." त्यानंतर कसोटीचा काळा दगड पुढे ओढत. दागिन्याची एक रेघ त्यावर घासत, शेजारी ओळखीच्या सोन्याची रेघ ओढत, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडत आणि गप्प बसत. कुठली रेघ टिकते, कुठली विरते, त्यावर पुढचा हिशोब. कारागिराचं कौतुक आणि सोन्याचा कस यांची त्यांनी कधी सरमिसळ केली नाही. बिलावरसुद्धा घडणावळ एका ओळीत आणि सोनं दुसऱ्या ओळीत.

मी दुकानात बसलो नाही. तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. पण गेल्या नोव्हेंबरात माझ्या लेकीनं मला एक व्हिडिओ गेम दाखवला आणि त्याच्याबद्दल नेमकं काय म्हणावं हे ठरवताना मला अण्णांचा तो दगडच आठवत राहिला.

लेक पुण्यात थ्रीडीचं काम करते. पडद्यावरची कापडं बनवणं हे तिचं काम: साडीचा पोत, घोंगडीची लव, कातड्याच्या चपलेवरच्या सुरकुत्या. किरणोत्सवासाठी ती घरी आली होती. येताना प्लेस्टेशन घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, या गेममुळे मी या धंद्यात आले. सगळे त्याला नावं ठेवतात. तुम्ही एकदा बघा आणि मला सांगा, चूक कोणाची?"

गेमचं नाव 'द ऑर्डर: १८८६'. कॅलिफोर्नियातल्या रेडी अ‍ॅट डॉन या स्टुडिओनं तो केला आणि सोनीनं २० फेब्रुवारी २०१५ रोजी प्लेस्टेशन ४ साठी बाजारात आणला. १८८६ सालचं लंडन, पण कल्पनेतलं. आकाशात हवाई जहाजं आहेत. निकोला टेस्ला तळघरात बसून विजेच्या बंदुका बनवतो. राजा आर्थरच्या गोलमेजावरच्या सरदारांचं मंडळ अजून टिकून आहे. ब्लॅकवॉटर नावाचं काळसर पाणी पिऊन त्यातले सरदार शतकानुशतकं जगतात, जखमा भरून काढतात आणि अर्धे माणूस, अर्धे लांडगे अशा प्राण्यांशी लढतात. आपण खेळायचं ते सर गॅलाहॅड म्हणून. व्हाइटचॅपल या गरिबांच्या वस्तीत बंडखोर जमलेत, त्यांनाही मोडून काढायची आज्ञा त्याला आहे. आणि त्या बंडखोरांची म्होरकी कोण, तर झाशीची राणी लक्ष्मीबाई.

इथे मी खुर्चीत सावरून बसलो. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, जी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली, ती या कथेत वाचली आहे आणि अठ्ठावीस वर्षांनी लंडनमध्येच कंपनीविरुद्ध उभी आहे. कंपनीचं नाव तेवढं बदललंय: युनायटेड इंडिया कंपनी. कॅलिफोर्नियातल्या माणसांना ही कल्पना सुचावी याचा मला मनापासून आनंद झाला.

आता रूपाबद्दल. पहिला तासभर मी गोष्ट पाहतच नव्हतो, कापड पाहत होतो. गॅलाहॅडच्या कोटाची लोकर, पट्ट्याच्या कातड्याची झिजलेली किनार, पितळी बकलावर पडलेला गॅसच्या दिव्याचा उजेड. लेकीनं खेळ थांबवला, कॅमेरा खांद्याजवळ नेला आणि म्हणाली, "हे नुसतं रंगवलेलं नाही बाबा. त्यांनी खऱ्या कापडाचे नमुने स्कॅन केले. कुठल्या कापडावर उजेड कसा पसरतो ते मोजलं आणि मग ते इथे उतरवलं." आधी चित्रित करून ठेवलेली फिल्म यात नाही, सगळं त्या क्षणी यंत्र काढत असतं. म्हणून गोष्टीतला प्रसंग संपून खेळ कधी सुरू झाला हे डोळ्यांना कळत नाही. सिनेमासारखं दिसावं म्हणून पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या ठेवल्यात. टेबलावरचं पिस्तूल उचलून बोटांत फिरवता येतं, त्याची वेलबुट्टी पाहता येते. फोटो उलटा करून त्याची पाठ पाहता येते.

समीक्षकांनी या गेमला शंभरपैकी सरासरी ६३ गुण दिले, आणि बहुतेकांचा सूर एकच होता: नुसतं दिसणं आहे, आत काही नाही. त्यातला 'नुसतं' हा शब्द मला पटत नाही. आपल्याकडेही रूपाला माया म्हणून झटकून टाकायची एक सवय आहे, आणि मी वर्गात या सवयीशी आयुष्यभर भांडत आलो. विटेवरचं रूप पाहायला माणसं देहू-आळंदीहून चालत जातात. ती काही फसलेली नसतात. रूप हे कोणाच्या तरी हाताचं, डोळ्याचं, जागरणाचं फळ असतं. त्याला दाद देणं हे पाहणाऱ्यावरचं ऋण आहे आणि ते आधी फेडायला हवं. अण्णा तेच करत. दगड नंतर, पाहणं आधी.

दुसरी तक्रार लांबीची. गेम बाजारात येण्याआधीच कुणीतरी तो सगळा खेळून त्याचं चित्रण इंटरनेटवर टाकलं, आणि पूर्ण किमतीचा गेम पाचेक तासांत संपतो म्हणून गदारोळ उठला. पैसे कष्टाचे असतात, त्यामुळे तो राग मला समजतो. पण वजन म्हणजे किंमत नव्हे. नथीचं वजन ते किती असतं? ज्या आठवड्यात आम्ही हा गेम खेळत होतो, त्याच आठवड्यात अंबाबाईचा किरणोत्सव होता. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. सगळा सोहळा काही मिनिटांचा. एखाद्या वर्षी ढग येतात, किरणं गाभाऱ्याआधीच विरतात आणि माणसं तशीच परततात. काही मिनिटंच दिसलं म्हणून कोणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. तेव्हा पाच तास हा दोष नाही. त्या पाच तासांत माझ्या वाट्याला काय आलं, हे विचारायला हवं.

इथून पुढे दगड लागतो.

गेमची गोष्ट कशाची आहे? एका आज्ञाधारक माणसाची. शतकानुशतकं ज्या मंडळाची आज्ञा त्यानं पाळली, त्याच मंडळाच्या पोटात पाप आहे हे त्याला कळतं. कळतं ते लक्ष्मीबाईमुळे. ती त्याला गोदीत नेते आणि कंपनीच्या मालाच्या पेट्यांत काय भरून परदेशी पाठवलं जातंय ते दाखवते. पेट्यांत माणसाचं रक्त पिणारे पिशाच्च आहेत. शत्रू मानलेल्या बाईचा शब्द खरा आणि गुरू मानलेल्या मंडळाचं मौन खोटं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. मग तो शपथ मोडतो. त्याच्यावर फितुरीचा खटला चालतो. धर्मशास्त्रात याहून मोठा प्रश्न क्वचितच असेल: ज्यांचं अन्न खाल्लं, त्यांची आज्ञा केव्हा मोडावी?

आणि हा प्रश्न गेम मला एकदाही विचारत नाही. गॅलाहॅड ठरवतो, मी पाहतो. तो वळतो, मी त्याच्यामागे चालतो. मोक्याच्या झुंजीत पडद्यावर बटणाचं चिन्ह उमटतं. ते वेळेत दाबलं तर तो वाचतो, चुकलं तर मरतो आणि पुन्हा तिथूनच सुरुवात. एका बागेत पहारेकऱ्यांच्या नजरेआडून जायचं असतं. एकानं पाहिलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. लांडगा-मानवाशी चाकूनं झालेली एक झुंज शेवटी जवळजवळ तशीच पुन्हा येते. ते पिस्तूल, तो फोटो उचलता येतो, फिरवता येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी परत ठेवण्यापलीकडे त्याचं काही करता येत नाही. सांगितलेली गोष्ट अवज्ञेची, पण माझ्याकडून मागितलं ते फक्त आज्ञापालन. रेघ इथे विरते.

यावर लेकीनं चांगला आक्षेप घेतला. "बाबा, कादंबरीत तरी तुम्ही कुठे काही ठरवता? सिनेमात ठरवता का? मग यालाच का धरायचं?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. कादंबरी माझ्या हातात तलवार देत नाही. ती सांगते, मी ऐकतो, आणि हा करार पहिल्या पानापासून स्वच्छ असतो. कीर्तनात बुवा आख्यान लावतात, तेव्हा श्रोत्याला कोणी बाण मारायला सांगत नाही. गेम मात्र म्हणतो, हे तूच कर. कर्तेपण देऊ करणं हा या कलेचा स्वधर्म आहे. पाणिनीनं व्याकरणात कर्ता कोणाला म्हणायचं हे ठरवताना स्वातंत्र्य हाच निकष धरला. ज्याला स्वातंत्र्य नाही त्याच्या हातून क्रिया होते, पण तो कर्ता होत नाही. बटण मी दाबलं, पण मी कर्ता नव्हतो.

ती म्हणाली, "मग पूजेचं काय? तिथे तरी यजमानाला कुठे स्वातंत्र्य असतं?" हा त्याहून अवघड प्रश्न. सत्यनारायणाला बसलेला यजमान काय करतो? गुरुजी मंत्र म्हणतात आणि मधूनमधून म्हणतात, "मम म्हणा." यजमान "मम" म्हणतो, पळीनं पाणी सोडतो, सांगितलं तिथे फूल वाहतो. सगळं ठरलेलं, एकही पाऊल त्याचं स्वतःचं नाही. तरी ती पूजा त्याचीच असते, कारण सुरुवातीला त्यानं संकल्प सोडलेला असतो: अमुक ठिकाणी, अमुक तिथीला, अमुक गोत्राचा मी हे करीन. संकल्प त्याचा म्हणून पुढचं 'मम' खरं. या गेममध्ये मी पाच तास 'मम' म्हणत राहिलो, पण संकल्प माझा नव्हता. तो एकदा जरी माझ्याकडून घेतला असता, शपथ मोडण्याच्या त्या घडीला एकदा जरी थांबून मला विचारलं असतं, तर पुढची सगळी ठरलेली बटणंही माझी झाली असती. म्हणजे दोष बंधनात नाही. बंधन स्वीकारायची संधीच मिळाली नाही, हा दोष आहे.

रात्री झोप येईना, तेव्हा गीतेचा अकरावा अध्याय काढला. दृश्यांचं एवढं मोठं वैभव दुसरं कुठलं असेल? अर्जुनाला विश्वरूप दिसतं, तो दिपतो, घाबरतो आणि म्हणतो, मला तुझं नेहमीचं सौम्य रूप दाखव. त्याच अध्यायात कृष्ण त्याला निमित्त व्हायला सांगतो. समोरचे योद्धे आधीच मेलेले आहेत, तू फक्त निमित्त. गेम बनवणाऱ्यांना बाजू मांडायची तर हाच आधार त्यांनी घ्यावा: शेवट ठरलेला आहे, खेळणारा निमित्त. पण गीता अकराव्या अध्यायात संपत नाही. विश्वरूप दाखवून झाल्यावरही सात अध्याय उरतात, आणि अठराव्याच्या शेवटाकडे कृष्ण अर्जुनाला सांगतो की हे सगळं नीट विचारात घे आणि मग तुला हवं ते कर. त्यानंतर अर्जुन स्वतःच्या तोंडानं उत्तर देतो, तेव्हाच युद्ध उभं राहतं. एवढं रूप दाखवल्यावरही निर्णय अर्जुनाकडेच ठेवला आहे. दिपलेल्या माणसाकडून होकार घेणं सोपं होतं. कृष्णानं ते केलं नाही. मला वाटतं, रूपाचा धर्म इथेच कळतो. रूपानं डोळे उघडावेत आणि हात मोकळे ठेवावेत.

म्हणून लक्ष्मीबाईचं तिथे असणं मला इतकं लागलं. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या दिवसांत झाशीत होते. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. त्यात चित्र नाही, आवाज नाही, साधं भिक्षुकी वळणाचं गद्य आहे. पण राणी तिथे ठरवताना दिसते, आणि तिच्या ठरवण्याची किंमत सगळं शहर मोजताना दिसतं. वाचता वाचता आपणही मनात ठरवू लागतो: मी झाशीत असतो तर थांबलो असतो की पळालो असतो? पुस्तकानं मला काही करायला दिलं नाही, तरी आतला कर्ता जागा केला. गेममधली राणी देखणी आहे, ताठ आहे, खरं बोलते. तिच्या शेजारी उभं राहायचं की नाही, एवढं एकच मला ठरवायला दिलं असतं, तर मी या गेमला तोळ्यामागे तोळा सोनं म्हटलं असतं.

पण खोटं बोलणार नाही, एक जागा अशी आहे जिथे रेघ टिकते. लढताना गॅलाहॅड कोसळतो. पडदा अंधुक होतो, तो जमिनीवर सरपटतो, आणि तेव्हा बटण दाबून त्याला ब्लॅकवॉटरचा घोट घ्यायला लावायचं. मी हे दहा-बारा वेळा केलं असेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की हे पाणी मंडळाचं आहे. प्रत्येक घोटानं मी त्यांचा मिंधा होतोय. जगायचं आहे, म्हणून पितोय, आणि पितोय म्हणून बांधला जातोय. पुढे तो त्यांच्याविरुद्ध गेला तेव्हा मला जे वाटलं ते नुसतं पाहून वाटलेलं नव्हतं, माझ्या हातानं घेतलेल्या घोटांतून आलेलं होतं. तिथे रूप, कथा आणि माझा हात एकत्र आले. या माणसांना सोनं माहीत होतं. त्यांनी ते कमी वापरलं.

शेवटच्या प्रसंगाला लेकीनं कंट्रोलर माझ्या हातात दिला. समोर ल्यूकन, मंडळाच्या प्रमुखाचा मानलेला मुलगा, ज्याच्या रक्तात लांडगा आहे. गॅलाहॅडच्या हातात पिस्तूल.

"बाबा, दाबा."

"नाही दाबलं तर?"

"दुसरं काही करता येत नाही."

मी दाबलं. आवाज झाला. त्या मरणाचं मला वाईट वाटलं, पण ओझं वाटलं नाही. जो मारतो आणि ज्याला ओझं वाटत नाही, तो एकतर पोचलेला योगी असतो किंवा कर्ताच नसतो. मी योगी नाही.

सकाळी मी लेकीला तिच्या आजीची बोरमाळ दाखवली. तिचे मणी पोकळ असतात. वर पातळ पत्रा, आत लाख. यात फसवणूक काही नाही. लाखेमुळे मणी चेपत नाही, आकार धरून राहतो, आणि घेणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं. तोच मणी भरीव म्हणून विकला तर मात्र पाप. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. लोकर विणणाऱ्यांची, उजेड मोजणाऱ्यांची, तो फोटो आणि त्याची पाठही काढणाऱ्यांची यात काही चूक नाही. चूक ज्यांनी पाहण्याची वस्तू करण्याची म्हणून हातात दिली त्यांची. हा सिनेमा आहे असं स्वच्छ सांगितलं असतं, तर मी टाळ्या वाजवून उठलो असतो.

त्या स्टुडिओनं पुढे या कथेचा दुसरा भाग केला नाही. गोष्ट अर्ध्यावरच आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्टुडिओही बंद झाला. गॅलाहॅडचा कोट ज्यांनी विणला त्यांतले काहीजण आज कुठे तरी दुसरा कोट विणत असतील. माझी लेकही विणतेय. तिला आणि तिच्यासारख्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच आहे: पोत करा, उजेड मोजा, तुमच्या हाताला मोल आहे. पण काम हाती घेताना एक प्रश्न वरच्यांना जरूर विचारा, की यात खेळणाऱ्यानं ठरवायचं काय? उत्तर नसेल, तर तसं त्याला आधी सांगा.

आणि जे पाहतात, खेळतात, गुण देतात, त्यांनी बिलाच्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. 'द ऑर्डर: १८८६' ची घडणावळ मी पूर्ण देतो, एक पैसा कापत नाही. सोन्याचे पैसे मात्र कसाला उतरलं तेवढ्याचेच.